ज्याचा त्याचा गळा

कोपरखैरण्याला आईकडे गेलो की संध्याकाळी गॅलरीत बसायचं आणि विमानं ऐकायची, हा आमचा गेल्या काही वर्षांचा शिरस्ता. मुंबईत वारा पश्चिमेचा असला की विमानं पूर्वेकडून उतरतात. आमच्या डोक्यावरून खाडी ओलांडतात आणि घाटकोपर, असल्फा, जरीमरी असं करत धावपट्टीला टेकतात. आमच्याकडे ती साधारण सातशे मीटर उंचीवर असतात. म्हणजे बोलणं थांबवावं लागत नाही, पण कान दिला तर सगळं ऐकू येतं.

आई ब्याऐंशीची आहे. मोतीबिंदू काढूनही तिला लांबचं धड दिसत नाही, कान मात्र तिखट. ती वर बघतच नाही. लसूण सोलता सोलता म्हणते, "हे शिट्टीवालं." तीन-चार मिनिटांनी, "हे घुमणारं." मग कधीतरी, "हे दोन आवाजांचं." पहिल्यांदा मी हसण्यावारी नेलं. मग एकदा फोनवरच्या अ‍ॅपमध्ये पडताळून पाहिलं, तर शिट्टीवालं आणि घुमणारं, दोन्ही एअरबस ए-३२० निघाली. आकार तोच, पंखांची लांबी जवळपास तीच, पोटात माणसंही साधारण तेवढीच. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "असेल. पण गळा वेगळाय ना." तिथून मी या प्रश्नाच्या मागे लागलो.

आमच्याच सोसायटीत एक काका राहतात. विमानांच्या देखभालीत तीसेक वर्षं काढून निवृत्त झाले. धावपट्टीलगतच्या एप्रनवर, उन्हापावसात, रात्रपाळ्या करून त्यांनी इंजिनं पाहिली. त्यांच्याकडे जाऊन बसलो आणि आईची वर्गवारी सांगितली. त्यांनी ती मनापासून ऐकून घेतली आणि म्हणाले, "अरे, आईंनी इंजिनाचा नंबरच सांगितला की तुला."

नंबर म्हणजे खरोखरच नंबर. ए-३२० हे विमानाचं आडनाव झालं. पुढचे तीन आकडे पाहायचे : २१४, २३२, २५१, २७१. त्यातला मधला आकडा इंजिन कुठलं ते सांगतो. १ म्हणजे सीएफएम-५६. अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक आणि फ्रान्सची स्नेक्मा, म्हणजे आजची साफ्रान, या दोघींनी १९७४ साली मिळून काढलेल्या कंपनीचं इंजिन. ३ म्हणजे व्ही-२५००. हे पाच देशांच्या भागीदारीतून आलं. १९८३ मध्ये ब्रिटनची रोल्स-रॉइस, अमेरिकेची प्रॅट अँड व्हिटनी, जर्मनीची एमटीयू, इटलीची फियाट आणि जपानी कंपन्यांचा एक गट एकत्र आले. नावातला व्ही हा रोमन पाच आणि २५०० म्हणजे २५ हजार पौंडांचा रेटा. ५ आणि ७ हे नव्या पिढीचे, 'निओ' विमानांचे आकडे : ५ म्हणजे लीप, ७ म्हणजे प्रॅट अँड व्हिटनीचं गिअरवालं इंजिन. विमान विकत घेणारी कंपनी ठरवते, की यातलं कुठलं लावायचं. पंख तेच, पायलटची केबिन तीच, आणि पंखाखाली टांगलेला गळा निराळा.

आपल्याकडे हे चारही गळे फिरले आहेत. इंडियन एअरलाइन्सने १९८९ मध्ये ए-३२० आणली ती व्ही-२५०० लावून. इंडिगोने २००६ साली सुरुवात केली तीही याच इंजिनावर. गोएअरची आणि पुढे एअर इंडियाची बरीचशी विमानं सीएफएमची. २०१६ च्या मार्चमध्ये गिअरवालं इंजिन इंडिगोबरोबर आलं आणि मग लीपही आलं. म्हणजे मुंबईच्या पूर्व उपनगरांत राहणाऱ्या माणसाने गेल्या पस्तीस-छत्तीस वर्षांत, नकळत, या एकाच विमानाचे सगळे आवाज ऐकलेले आहेत.

पण मग हे गळे वेगळे का?

काकांनी मला सायकलची आठवण करून दिली, आणि माझ्यापुरता सगळा विषय त्या एका चाकात उलगडला. आमच्या लहानपणी वडिलांची काळी सायकल होती. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. पत्त्यांच्या जुन्या कॅटमधला एक पत्ता घ्यायचा, कपड्याच्या चिमट्याने तो असा अडकवायचा की त्याचं टोक तारांना लागेल, आणि सायकल पळवायची. हळू चालवली तर टक् टक् टक्. वेग घेतला की टक् टक् मिटून जाऊन सलग भर्रर्र असा सूर लागायचा. मागच्या चाकाचा सूर पुढच्यापेक्षा वर. का, तर चाकाच्या एका फेऱ्यात पत्त्याला इथे ४० फटके आणि तिथे ३२. सूर म्हणजे फटक्यांची संख्या.

जेट इंजिनाच्या तोंडाशी जो मोठा पंखा दिसतो, त्याला सगळे फॅनच म्हणतात. या फॅनचं गणितही असंच आहे. पाती किती आणि फेरे किती, यांचा गुणाकार केला की सेकंदाला किती फटके बसतात ते निघतं. सीएफएम-५६-५बी या इंजिनाच्या फॅनला ३६ पाती. पूर्ण वेगाला मिनिटाला ५,००० फेरे, म्हणजे सेकंदाला ८३. गुणाकार करा : ३,००० हर्ट्झ. व्ही-२५००ला पाती फक्त २२, पण ती रुंद आणि आतून पोकळ, टायटॅनियमची. फेरे मिनिटाला ५,६५०. सूर येतो साधारण २,०७० हर्ट्झचा. लीपला १८ पाती, कार्बनच्या धाग्यांनी विणलेली, आणि फेरे ३,८५६. सूर ११५७ वर. गिअरवाल्या इंजिनाला २० पाती आणि फॅनचे फेरे ३,३०० च्या आसपास, म्हणजे सूर अकराशेच्या अलीकडे-पलीकडे. उतरताना इंजिन निम्म्याच्या थोडं वर फिरत असतं, त्यामुळे हे सगळेच सूर बरेच खाली येतात, पण त्यांच्यातलं अंतर राहतं. जुन्या सीएफएमपासून नव्या लीपपर्यंत आवाज सव्वा सप्तकाहून अधिक खाली आला आहे. आईचं 'घुमणारं' ते हे. बारीक तार जाऊन खर्जाची तार आली.

या आकड्यांत मला सर्वांत विलक्षण वाटली ती दुसरीच एक गोष्ट. सीएफएम-५६ हे एकच नाव असलं तरी त्यात अनेक भावंडं आहेत. बोइंग ७३७ ला लागतं ते सीएफएम-५६-७बी. घराणं तेच, कारखाने तेच. पण त्याला २४ रुंद पाती आणि फेरे ५,१७५. गुणाकार केला तर येतो २,०७०. म्हणजे ए-३२०च्या सख्ख्या भावापेक्षा ते सुरात कितीतरी खाली, आणि प्रतिस्पर्धी कंपनीच्या व्ही-२५००च्या अगदी शेजारी! कागदावरचं नातं आणि गळ्याचं नातं यांचा काही संबंध नाही.

मात्र फक्त फटक्यांवर भागत नाही. सायकलच्या चाकाला पत्ता नसला तर तारा जवळजवळ मुक्याच फिरतात. इंजिनात पत्त्याचं काम करतात ती फॅनच्या मागची स्थिर पाती. फॅनच्या प्रत्येक पात्यामागे हवेची एक विस्कटलेली शेपटी असते. ती या स्थिर पात्यांवर आपटते, आणि आवाज तिथे जन्मतो. प्रॅट अँड व्हिटनीतल्या टायलर आणि सॉफ्रिन या दोघांनी १९६२ मध्ये याचं गणित मांडलं. फिरणारी पाती किती आणि स्थिर किती, यावरून ठरतं की तो आवाज इंजिनाच्या नळीतून बाहेर पडेल की आतल्या आत विझेल. स्थिर पाती फिरत्यांच्या दुपटीहून अधिक ठेवली तर मुख्य सूर बाहेर येईतो मरतो. साध्या मोजणीने एवढं साधलं! आज नवं इंजिन काढताना स्थिर पात्यांचा आकडा ठरवण्याआधी हे गणित केलं जातं, आणि दोन इंजिनांचे फॅन हुबेहूब असले तरी मागचा आकडा वेगळा असेल तर एक गातं, दुसरं गप्प राहतं.

मागच्या बाजूचा आवाज सर्वस्वी निराळा. तो सूर नसतो, गडगडाट असतो. गरम वायूचा झोत बाहेरच्या शांत हवेत घुसतो आणि दोघांच्या सीमेवर भोवरे उठतात, त्यांचा तो आवाज. जेम्स लाइटहिल या गणितज्ञाने १९५२ साली, मँचेस्टर विद्यापीठात असताना, दाखवून दिलं की या आवाजाची शक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते. आठवा घात! वेग निम्मा केला तर आवाजाची शक्ती २५६ पटींनी उतरते. साठ-सत्तर वर्षांत विमानं शांत होत गेली त्याच्या मुळाशी हे एक वाक्य आहे. थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा सावकाश ढकला. इंजिनं म्हणूनच जाडजूड होत गेली.

याची पहिली पायरी मुंबईने फार लवकर ऐकली. १९६० मध्ये एअर इंडियाने बोइंग ७०७ आणली, तेव्हा अमेरिकी कंपन्यांच्या ७०७ला प्रॅट अँड व्हिटनीची साधी टर्बोजेट होती आणि आपल्या विमानांना रोल्स-रॉइसची कॉनवे. थोडी हवा गाभ्याला वळसा घालून नेणारं, म्हणजे बायपास पद्धतीचं, प्रवासी सेवेत आलेलं ते पहिलं इंजिन. वळसा घेणारी हवा आतल्या हवेच्या जेमतेम एक तृतीयांश होती. आजच्या लीपमध्ये ती अकरा पट आहे आणि गिअरवाल्यात बारा पट. त्या काळच्या ७०७च्या इंजिनांची मागची टोकंही वेगवेगळी असत. काहींना अनेक नळ्यांचा जुडगा, कॉनवेला पाकळ्यांसारखी नळी. झोत लवकर हवेत मिसळावा म्हणून केलेली ती खटपट. विमान एक, शेपटाकडची नळी वेगळी, गडगडाट वेगळा.

व्ही-२५०० आणि सीएफएममध्येही हाच फरक आहे, आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पुढच्या वेळी विमानतळावर काचेतून बघा. व्ही-२५००चं आवरण लांब, थेट मागपर्यंत एकसंध. गरम झोत आणि फॅनची थंड हवा आतच मिसळून एका तोंडातून बाहेर येतात. सीएफएमचं आवरण आखूड, आणि त्यातून गाभ्याचं दुसरं टोक मागे डोकावतं. दोन झोत, एकात एक. कान थोडा तयार झाला की मागून येणाऱ्या घरघरीत हा फरक कळतो.

इथवर सगळं मॉडेलचं झालं. माझी खरी उत्सुकता पुढच्या पायरीची होती. एकाच कारखान्यातून, एकाच महिन्यात निघालेली, एकाच मॉडेलची दोन इंजिनं. त्यांचा आवाज तरी एक असतो का?

ते ऐकायला जुहूला जावं लागतं. कोपरखैरण्यावर उतरणारी विमानं ऐकू येतात, जुहूच्या वाळूवर चढणारी. पहाटे साडेपाच-सहाला चौपाटीवर माणसं कमी असतात तेव्हा उभं राहा. विमान पूर्वेकडून, इमारतींच्या डोक्यावरून तुमच्याकडे येत असतं आणि आधी ऐकू येते ती करवत. लाकडाच्या वखारीत मोठी गोल करवत ओंडक्याला लागते तसा, किरकिरा, दातेरी, खोल आवाज. विमान डोक्यावरून पुढे गेलं की करवत संपते आणि गडगडाट सुरू होतो. विमानात बसलेल्यालाही हे कळतं. पाचव्या-सहाव्या रांगेत बसलात तर चढताना करवत ऐकू येईल, पंचविसाव्या रांगेत नुसती घरघर.

इंग्रजीतही या आवाजाला करवतीचंच नाव आहे. तो कसा होतो, हे मला या साऱ्या विषयातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं. सीएफएम-५६-५बीचा फॅन एक मीटर त्र्याहत्तर सेंटिमीटर रुंद. तो सेकंदाला ८३ फेरे घेतो, म्हणजे पात्याचं टोक सेकंदाला साडेचारशे मीटर वेगाने जातं. मुंबईच्या हवेत आवाजाचा वेग साडेतीनशेच्या आत. म्हणजे प्रत्येक पात्याचं टोक आवाजाला मागे टाकत असतं आणि टोकापुढे दाबाची एक तीक्ष्ण लाट उभी राहते. ३६ पाती, ३६ लाटा. सगळी पाती तंतोतंत सारखी असती, तर एका फेऱ्यात ३६ सारखे फटके बसून पुन्हा तोच ३,००० हर्ट्झचा एकच सूर मिळाला असता.

पण पाती तंतोतंत सारखी नसतात. कितीही काटेकोर घडवली तरी एखादं अंशाच्या दहाव्या भागाने कललेलं, एखाद्याची कड केसभर जाड. त्यामुळे काही लाटा किंचित जोरकस, काही किंचित मवाळ. आणि इथे निसर्ग एक गंमत करतो. जोरकस लाट मवाळ लाटेपेक्षा वेगाने धावते. फॅनपासून इंजिनाच्या तोंडापर्यंतचं ते हातभर अंतर कापता कापता ती पुढच्या लाटेला गाठते, गिळते. बाहेर पडेपर्यंत ३६ सारख्या लाटांची ती रांग मोडून जाते. कुठे दाट, कुठे विरळ. फॅनच्या दर फेऱ्याला मात्र ती मोडकी रांग जशीच्या तशी परत येते. सायकलच्या चाकातली एक तार वाकलेली असली तर भर्रर्रमध्ये दर फेऱ्याला एक खट् ऐकू येतो, तसंच. म्हणून आवाजात ३,००० हर्ट्झबरोबर ८३, १६७, २५० अशी फेऱ्यांच्या पटीतली सगळी कंपनं मिसळतात. करवतीचे दाते ते हे.

हे दाते मॉडेलचे नसतात, त्या एका इंजिनाचे असतात. सातवं पातं अमुक इतकं कललेलं आणि एकोणिसावं तमुक इतकं, हा क्रम जगातल्या दुसऱ्या कुठल्याही फॅनमध्ये नाही. त्याच विमानाच्या दुसऱ्या पंखाखालच्या इंजिनातसुद्धा नाही. अंगठ्याचा ठसा असतो तसा.

मी हे काकांना उत्साहाने सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाटातून एक जुनी वही काढली आणि पेन्सिलीने एका पात्याचं मूळ काढून दाखवलं. पातं खाली कबुतराच्या शेपटीसारखं पसरट होतं आणि मधल्या तबकडीच्या खाचेत बसतं. ते ठोकून बसवलेलं नसतं, खाचेत थोडं सैल असतं. फॅन जोरात फिरला की ते बाहेरच्या बाजूला ओढलं जाऊन घट्ट होतं. त्यांनी टेबलावरची स्टीलची वाटी आडवी धरली, तिच्या काठाला चमचा टेकवला आणि चमचा वाटीसह गोल फिरवत दाखवला. वर आला की एका बाजूला पडतो, खाली गेला की दुसऱ्या. टक्. टक्. "विमान उभं असतं, इंजिन बंद, आणि समुद्राचा वारा आला की फॅन आपोआप फिरायला लागतो. तेव्हा ऐक. बांगड्या वाजल्यागत वाजतो." प्रत्येक पातं आपापल्या खाचेत हलतं, वर जाताना एकदा, खाली येताना एकदा. सीएफएमच्या पात्यांना मध्यावर छोटे कान असतात, एकमेकांना टेकणारे. ते थरथर रोखतात, आणि वाऱ्यावर वाजतातही. नव्या रुंद पात्यांना ते कान नाहीत. त्यांचा आवाज जरा ठसठशीत.

पुढे त्यांनी जे सांगितलं ते मी कुठल्या पुस्तकात वाचून इतकं समजलो नसतो. प्रत्येक पात्यावर एक आकडा कोरलेला असतो. नुसतं वजन नाही, तर मध्यापासून किती अंतरावर किती वजन, याचा तो हिशेब. जड पात्यासमोर जड, हलक्यासमोर हलकं अशी जोडी लावून फॅन समतोल ठेवतात. पक्षी धडकला आणि एक पातं वाकलं तर बहुतेकदा ते एकच बदलून भागत नाही, समोरचंही बदलावं लागतं. कडेला बारीक खाच पडली असेल तर ती कानशीने घासून गुळगुळीत करतात. ठरावीक काळाने सगळी पाती काढून त्यांच्या मुळाला वंगण लावतात. "जोड्या नीट लागल्या की फॅन थरथरत नाही. पण गाणं बदलतं," काका म्हणाले. क्रम बदलला की मोडक्या लाटांची रांग बदलते, आणि करवतीचे दातेही. वर्षानुवर्षं धूळ आणि वाळू गिळलेल्या पात्यांच्या कडा बोथट होतात, तीही त्यात भर. रात्री तीन वाजता, हँगरच्या पिवळ्या दिव्यात, एखाद्या माणसाने हातमोजा काढून पात्याच्या कडेवरून बोट फिरवलेलं असतं, आणि ते बोट दुसऱ्या दिवशी जुहूला ऐकू येतं. एसटीच्या डेपोतले जुने ड्रायव्हर वळणापलीकडून येणारी गाडी आवाजावरून ओळखायचे, ते याच कारणाने. बाहेर पडताना सगळ्या सारख्या. मग एकेकीचं आयुष्य वेगळं.

गिअरवाल्या इंजिनाने ही करवत पुष्कळ बोथट केली आहे. जुन्या इंजिनांत फॅन आणि त्याला फिरवणारं टर्बाइन एकाच दांड्यावर असत, त्यामुळे दोघांनाही तडजोड करावी लागे. मध्ये तीनास एक असा गिअर घातल्यावर टर्बाइन मिनिटाला दहा हजार फेरे घ्यायला मोकळं झालं आणि फॅन सावकाश. त्याच्या टोकाचा वेग पूर्ण जोरातही साडेतीनशे मीटरच्या आसपास राहतो, आवाजाच्या उंबरठ्यावर. टर्बाइनचा स्वतःचा सूर इतका वर जातो की पुष्कळसा कानाच्या पट्टीबाहेरच जातो. या इंजिनाच्या कुटुंबाचा एक वेगळा आवाज मात्र प्रसिद्ध आहे : कमी जोरावर असताना एक लांब, ओला हुंदका. जगभर लोक त्याला देवमाशाचा आवाज म्हणतात. आईने तो ऐकला तर काय नाव ठेवेल, याचं मला कुतूहल आहे.

तिचं 'दोन आवाजांचं' विमान मात्र मला आत बसल्यावर उमगलं. नागपूरहून येताना पंखाच्या जरा मागे बसलो होतो. विमान वर स्थिरावलं आणि पायाखालच्या गुंजारवात लाट यायला लागली. घूऽम... घूऽम... वाढते, विरते, वाढते. दोन इंजिनं अगदी एका वेगाने फिरत नसली की असं होतं. सेकंदाला ७१ फेरे घेणाऱ्या फॅनपेक्षा दुसरा अर्ध्या टक्क्याने मागे असेल, तर दर तीन सेकंदांना एक लाट. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवताना आपण हेच ऐकतो. सूर जवळ आले की लहर संथ होत जाते, जुळले की थांबते. गायक ती लहर थांबेपर्यंत खुंटी सोडत नाही. पायलटला तिच्यासाठी खुंटी पिळत बसायचं कारण नसतं. काही विमानांत दोन्ही इंजिनांचे वेग जुळवून ठेवणारी यंत्रणा असते, काहींत नसते. एकटं इंजिन ऐकून हा आवाज कधीच सापडणार नाही. तो दोघांच्या मधला आहे.

आणि शिट्टी? ती इंजिनाची नाहीच. हे कळल्यावर मी थोडा खट्टू झालो, कारण आईने सर्वांत आधी ओळखलेला आवाज तोच. ए-३२०च्या पंखांखाली, टाकीतला दाब बाहेर सोडण्यासाठी वाटोळी छिद्रं असतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तशी हवा त्यांच्यावरून जाते आणि शिट्टी वाजते. विमानतळाच्या जवळ चाकं बाहेर आली की त्यांच्या घोंघाटात ती हरवते, पण लांबवर, कोपरखैरण्यासारख्या ठिकाणी, ती स्पष्ट ऐकू येते. जर्मनीतल्या संशोधकांनी तिचं मूळ शोधलं, आणि २०१४ पासून लुफ्तान्साने छिद्राच्या पुढे तळहाताएवढी पत्र्याची पट्टी बसवायला घेतली. ती हवेला भोवरा देते आणि छिद्र वाजत नाही. आवाज चार डेसिबलपर्यंत उतरला. एवढीशी पट्टी! तसंच त्या 'भुंकण्याचं'. ए-३२० धावपट्टीकडे निघताना जमिनीखालून कुत्रं भुंकल्यासारखा, करवत अडकल्यासारखा आवाज येतो आणि नवखे प्रवासी एकमेकांकडे बघतात. हायड्रॉलिकच्या दोन प्रणालींमध्ये दाब वाटून देणारा तो पंप. इंजिन बिचारं निर्दोष.

हवेचंही थोडं सांगायला हवं. जानेवारीच्या कोरड्या दुपारी हवा वरचे सूर भराभर शोषते, म्हणून लांबचं विमान नुसतं घरघरतं. पावसाळ्यातल्या ओल्या हवेतून तेच बारीक सूर पुढपर्यंत पोचतात. थंडीच्या पहाटे जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार थर असला की आवाज वर न जाता खाली वळतो, आणि एरवी ऐकूही न येणारं विमान उशाशी आल्यासारखं वाटतं. एकच इंजिन, एकच वैमानिक, आणि दोन ऋतूंत दोन गळे.

आता माझ्या मनात सलणारी गोष्ट. विमानांच्या आवाजाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत आणि ते चांगले आहेत. विमान तीन ठिकाणी मोजतात : उड्डाणाच्या वेळी धावपट्टीच्या बाजूला साडेचारशे मीटरवर, धाव सुरू केल्यापासून साडेसहा किलोमीटरवर, आणि उतरताना धावपट्टीच्या तोंडापासून दोन किलोमीटर अलीकडे. त्या मोजमापात नुसता मोठेपणा धरत नाहीत. एखादा सूर टोचत असेल तर दंड म्हणून जास्तीत जास्त ६.७ डेसिबलची भर घालतात. ज्यांनी ही रीत बसवली त्यांना माहीत होतं की सारख्याच मोठ्या दोन आवाजांत एक झोप मोडतो आणि दुसरा मोडत नाही. पण ते प्रमाणपत्र मॉडेलला मिळतं. घासलेल्या कडांच्या, बदललेल्या पात्यांच्या, दहा वर्षं राबलेल्या त्या एका इंजिनाला नाही. आणि घाटकोपरला, जिथे विमान गच्चीवरून दीड-दोनशे मीटरवर जातं, तिथल्या चाळीतल्या बाळाला ऐकू येतं ते हेच एक इंजिन. आवाजाची तक्रार करायला माणूस जातो तेव्हा त्याच्याकडे आकडा मागतात. 'तो करवतीसारखा आहे', 'तो शिट्टी मारतो' असं सांगणाऱ्याला वेडं ठरवलं जातं. मला वाटतं, हे सांगणारा माणूस सर्वांत नेमकं सांगत असतो. शिट्टी ओळखली गेली म्हणूनच तर ती पट्टी बसली.

गेल्या महिन्यात कोपरखैरण्याला रात्री वीज गेली. पंखे थांबले, शेजारचा टीव्ही थांबला. आई गॅलरीत खुर्चीवर होती, मी उंबरठ्यावर. पूर्वेकडून एक विमान आलं, उंचावर, सावकाश. शिट्टी नव्हती. खाली खर्जात दोन सूर एकमेकांच्या अगदी लगत चालले होते आणि त्यांची लाट अंधारात येत-जात होती. आई काही बोलली नाही. तिने कठड्यावर बोट ठेवलं आणि लाटेबरोबर हळूहळू टिचक्या द्यायला लागली. एक. खूप वेळाने दुसरी. विमान खाडीवर गेलं तशी लाट लांबत गेली, बोट वर उचललेलं राहिलं, आणि मग तिने ते खाली ठेवलं.

"गेलं घाटकोपरला," ती म्हणाली.